झाकणावरची रेघ

१

शुक्रवारी सकाळी परिषदेचं उद्घाटन होतं आणि सात वर्षांच्या सम्यक ओव्हाळला व्यासपीठावर पहिल्या खुर्चीत बसायचं होतं. त्याऐवजी तो वाकडच्या हॉटेलातल्या खोलीत, नव्या कोऱ्या शर्टाशेजारी, हाका मारूनही न उठणारा असा सापडला. खाली दुर्मीळ जनुकीय विकारांवर बोलायला देशोदेशीचे डॉक्टर जमले होते, गळ्यात ओळखपत्रांच्या निळ्या दोऱ्या घालून चहा पीत होते. त्यांच्याच डोक्यावरच्या मजल्यावर तसल्याच एका विकाराचं पोर निपचित पडलं होतं.

मला शनिवारी सकाळी फोन आला. मी कस्तुरा जगताप. शिकले वकिली, पण कोर्टात कमी आणि चाकणच्या कंपन्यांत जास्त वावरले. कामगारावर आरोप ठेवला की कंपनी आधी घरातल्या घरात चौकशी करते, तिथे दोन्ही बाजूंचं ऐकून खरं-खोटं ठरवायला मला बोलावतात. आयुष्यभर मी खोटं ऐकत आले. कुणी आईच्या शपथेवर खोटं बोलतं, कुणी रडून. मला आता कशाचं काही वाटत नाही.

फोन मिनलचा होता, सम्यकच्या आईचा. "मॅडम, माझ्या पोराला कुणीतरी काहीतरी खायला घातलं. उद्या दुपारी परिषद संपते. तोपर्यंत कोण ते कळलं नाही तर त्याचं औषध गेलं."

एरवी मी म्हटलं असतं, बाई, पोलिसांत जा. पण मिनल ही संघर्षची बायको. आणि संघर्ष ओव्हाळ हा माझ्या चौकशीत स्वतःचं नुकसान करून खरं बोललेला एकुलता एक माणूस. त्याच्या लाइनवर माल खराब निघाला तेव्हा साहेब सांगत होते, ढकल त्या कंत्राटी पोरावर, तू सुटशील. हा पठ्ठ्या सगळ्यांसमोर म्हणाला, "चूक माझी आहे." सस्पेंड झाला, बढती हुकली. त्या दिवसापासून मी त्याला मानते. त्याच्या पोरासाठी मी चपला घातल्या आणि निघाले.

२

चिंचवडच्या इस्पितळात अतिदक्षता विभागाबाहेर डॉ. निरंजन भेटले. परिषद भरवणाऱ्यांत ते एक, आणि सम्यकवर पहिल्यापासून त्यांचेच उपचार. रात्रभर जागल्याचं चेहऱ्यावर दिसत होतं.

"पोरगं वाचलं," ते म्हणाले. "सकाळी डोळे उघडले. पण मॅडम, हा आजार असा आहे की प्रथिनातला एक भाग त्याच्या शरीराला फोडता येत नाही. तो रक्तात साठला की थेट मेंदूवर येतो. म्हणून डाळ नाही, दूध नाही, दाणे नाहीत. मोजका भात आणि साबुदाण्याची पेज, यावर वाढलाय तो."

"मग रक्तातलं वाढलं कशानं?"

"दोनच कारणं. पोटात प्रथिन जास्त गेलं, नाहीतर पोट फार वेळ रिकामं राहिलं. रिकामं राहिलं की शरीर स्वतःचंच मांस फोडायला लागतं, तेही प्रथिनच. म्हणून तर झोपेत उठवून त्याला पेज पाजतात. ती पाजली होती असं घरचे सांगताहेत. म्हणजे राहिलं एकच. साखरही घसरली होती, ती आम्ही सलाइनने वर आणली."

मग त्यांनी खरी अडचण सांगितली. परदेशातून आलेल्या डॉ. हेलेना या आजारावरच्या नव्या औषधाची चाचणी करणार होत्या. आपल्या भागातून त्यात एकच मूल घ्यायचं होतं आणि सम्यकची निवड झाली होती. आता रक्तातलं प्रमाण असं अचानक का चढलं, हे कळलं तर पुन्हा तपासणी होईल. नाही कळलं, तर आजारच बेभरवशाचा आहे असं धरून दुसरं मूल घेतील.

"आणि घरातल्याच कुणी पथ्य मोडलं असेल तर?" मी विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "अजाणतेपणी मोडलं असेल तर समजावता येतं. जाणूनबुजून असेल, तर त्या घरात एवढं नाजूक औषध कुठल्या भरवशावर द्यायचं? हेलेना बाई फार कडक आहेत."

तेवढ्यात मिनल आली. डोळे सुजलेले, केस कालपासून विंचरलेले नाहीत. तिने पर्समधून एक फाटकं पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं. लोणावळ्याची दाण्याची चिक्की. परिषदेने प्रत्येक खोलीत पाहुणचार म्हणून ठेवलेली.

"अर्धी वडी गायब आहे," ती म्हणाली. "हे पाकीट माझ्या सासूच्या उशीखाली सापडलं."

३

सोजरबाई इस्पितळाच्या आवारात झाडाखाली काठी टेकवून बसल्या होत्या. कालपासून सून बोलत नव्हती आणि मुलगा नजर चुकवत होता. घासभर अन्नही पोटात नव्हतं.

"जय भीम, आजी," म्हणून मी शेजारी बसले.

"जय भीम. तुमी चौकशीवाल्या बाई ना? इचारा. समदे मलाच इचारत्यात." त्यांनी डोळ्याला पदर लावला. "मागं एकदा म्या त्याला पेढा दिलता, व्हय. चिमटीभर. पोर निसतं भातावर जगतंय, बघवत न्हाई हो. पर तवा त्याला झटका आला, तवापासून म्या कानाला खडा लावला. आन् तो बी लई शाना हाय. आधी इचारतो, आजी, मला चालतं का?"

"मग चिक्की उशीखाली कशी?"

"म्या ठिवली. साक्षीला लई आवडती. पोरीला घरी न्यायला ठिवली." त्या एकदम थांबल्या. "फोडली कुनी, मला न्हाई म्हाईत. माझं दात राती गिलासात असत्यात. म्या काय चिक्की फोडनार?"

साक्षी म्हणजे त्यांची धाकटी लेक, संघर्षची बहीण. मारुंजीला खोली घेऊन आयटीत नोकरी करते. परिषदेसाठी म्हणून तीही हॉटेलात त्याच खोलीत राहायला आली होती.

"सकाळी काय झालं ते नीट आठवून सांगा."

"पोरानं वकारी काढली. म्या वंजळ धरली. निसतं पिवळं पित्त, बाई, बाकी कायबी न्हाई. फडकं धुवाया न्हानीत गेले तर त्या बेशिनात पानी तुंबल्यालं. उतरंना. एवढं मोठं हाटेल आन् मोरी बघा! मग मिनल वरडली आन् गाडी आली."

मी उठताना त्यांनी माझं मनगट धरलं. "मला जेलात घाला, पर त्येंना सांगा म्या न्हाई दिलं." मला त्या क्षणी मिनलचा रागच आला. पण चौकशीत राग कामाचा नाही.

मंजुषा मला इस्पितळाच्या कँटीनमध्ये भेटली. हिची मुलगी वर्षाली याच आजाराची, आणि निवडीत सम्यकच्या खालोखाल तिचाच क्रमांक. म्हणजे सम्यक गळला की फायदा हिचाच. पालकांच्या गटात मिनल आणि ही सख्ख्या बहिणींसारख्या, एकमेकींच्या पोरांसाठी पेज शिजवणाऱ्या.

"लोक काय म्हणताहेत ते कळतंय मला," मंजुषा म्हणाली. ती माझ्याकडे सरळ बघत होती. "खरं सांगू? सम्यकचं कळलं तेव्हा क्षणभर वाटलं, आता आपल्या वर्षूला मिळेल. मग स्वतःचीच किळस आली. काय करायचं ते करा. पण त्या खोलीत मी गेलेच नाही, वर्षूला घेऊन रहाटणीला घरी होते. अख्खी सोसायटी सांगेल."

असली कबुली खोटं बोलणारा माणूस देत नाही. चोर आपल्या मनातलं चांदणं असं उघड करून दाखवत नसतो. मी मंजुषाला बाजूला ठेवलं. राहिली ती खोलीत झोपलेली माणसं, आणि ती सगळी एकाच आडनावाची होती.

४

संघर्ष टपरीवर उभा होता, हातातला चहा गार झालेला.

"मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेतला? आईकडून चुकून झालं असेल. म्हातारं माणूस, तिला काय कळतंय."

मला ते खटकलं. कंत्राटी पोराच्या गळ्यात दोष घालायला नकार देणारा हा माणूस आज आईच्या गळ्यात किती सहज घालत होता!

"गुरुवारच्या रात्रीचं सांग."

"सेकंड शिफ्ट करून आलो. मिनलचं डोकं दुखत होतं, ती गोळी घेऊन पडली होती. पेज फ्लास्कमध्ये तयार होती. मी सम्यकला उठवून पाजली, झाकण लावलं, मार्क मारला आणि झोपलो."

"मार्क?"

इथे तो जरा हसला, जुन्या संघर्षसारखा. "आमची कंपनीची सवय, मॅडम. बोल्ट आवळला की त्याच्यावरून खालच्या बॉडीपर्यंत मार्करने एक सलग रेघ मारायची. म्हणजे पुढच्या माणसाला कळतं, हा आवळलाय. आणि नंतर रेघ तुटलेली दिसली तर समजायचं, बोल्ट हलला. आमच्या घरी तेच. पेज पाजली की झाकणावरून फ्लास्कवर लाल रेघ. मिनलला मधेच जाग आली की ती नुसती रेघ बघते आणि परत झोपते. कुणाला उठवायला नको, विचारायला नको. नाहीतर एक म्हणायचा दुसऱ्यानं दिली, आणि पोरगं उपाशी."

"पोराच्या जिवासाठी कारखान्याची अक्कल घरी आणलीस. शाबास," मी म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. "मग रेघ मारल्यावर फ्लास्कला कुणी हात लावला?"

"कुणीच नाही. मी तरी नाही."

साक्षी इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर खिडकीपाशी लॅपटॉप उघडून बसली होती. बोटात साखरपुड्याची अंगठी. गोड मुलगी. सम्यकला अक्षरं तिने शिकवली, त्याच्यासाठी साबुदाण्याचे निरनिराळे पदार्थ तिने शोधून काढले, हे मिनलनेच मला सांगितलं होतं. "ती नसती तर मी वेडी झाले असते," असंही म्हणाली होती.

"दादाने दिली पेज," साक्षी म्हणाली. "मी झोपले होते. आईनेच चिक्की दिली असणार. तिला किती वेळा समजावलं."

"सासर कुठलं तुझं?"

"देहूरोड." ती पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघून बोलली. "सासरे उद्योजकांच्या संघटनेत आहेत. परिषदेला मदत केलीय त्यांनी. उद्घाटनाला पुढच्या रांगेत होते."

"त्यांना सम्यकचं माहीत आहे?"

तिने लॅपटॉप मिटला. "माझं लग्न आणि हे, याचा काय संबंध?"

संबंध मी अजून लावला नव्हता. तिनेच लावला होता.

५

मी मिनलकडे गेले आणि म्हटलं, "तो फ्लास्क कुठे आहे?"

तो तिच्या पिशवीतच होता. शुक्रवारी सकाळी टेबलावरून उचलून तिने तो तसाच कोंबला होता आणि पोराला घेऊन गाडीत बसली होती. त्यानंतर पिशवी उघडायला कुणाला सवड होती? मी तो खिडकीच्या उजेडात धरला. लाल रेघ होती. झाकणावर एक तुकडा, फ्लास्कवर एक तुकडा. पण दोन्ही एकासमोर एक नव्हते. मध्ये बोटभर अंतर होतं.

"पिशवीत हलून सैल झालं असेल," मिनल म्हणाली.

"सैल झालं असतं तर झाकणावरची रेघ उलटीकडे गेली असती. ही आवळायच्या बाजूला पुढे गेलीय. झाकण आपोआप सैल होईल, पण आपोआप घट्ट कसं होईल?"

मी झाकण उघडायला गेले तर ते उघडेना. मिनलने साडीच्या पदरात धरून पिळलं तेव्हा सुटलं. आत आंबूस वासाचा पातळ थर होता, बाकी रिकामा.

"रेघ मारल्यानंतर कुणीतरी हा पुन्हा उघडला," मी म्हटलं. "रिकामा फ्लास्क कोण कशाला उघडेल? म्हणजे रेघ मारली तेव्हा तो भरलेला होता."

"रात्री जाग आली तेव्हा मी रेघ बघितली होती," मिनल म्हणाली. "अगदी सलग होती."

मला आता सगळं दिसत होतं, आणि दिसू नये असं वाटत होतं. आपण सगळे कालपासून एकच विचारत होतो, पोराला भरवलं कुणी? कुणीच भरवलं नव्हतं. सम्यक उपाशी होता. पेज पोटात असती तर उलटीत दिसली असती, पण नुसतं पित्त पडलं. साखर घसरली ती उपाशीपोटीच. आणि घट्ट साबुदाण्याची पेज गेली कुठे? नहाणीच्या बेसिनमध्ये, म्हणून सकाळी पाणी तुंबलं. मिनलला मधेच जाग येऊन ती रेघ बघणार, हे घरातल्या माणसाला ठाऊक होतं. म्हणून आधी रेघ मारली. ती बघून मिनल पुन्हा झोपली, मग पेज ओतून टाकली.

ओतणारं कोण? सोजरबाई नाहीत. त्यांच्या हातून गुन्हा घडला तर भरवण्याचा घडेल. नातवाला उपाशी ठेवणं त्यांना या जन्मी जमायचं नाही. संघर्षही नाही. रोज हजार रेघा तपासणारा माणूस तुटकी रेघ मागे ठेवून झोपणार नाही. ज्याच्या लेखी रेघ म्हणजे नुसती खूण, ती तुटली की बोलते हे ज्याला कधी शिकावं लागलं नाही, असं एकच माणूस त्या खोलीत होतं.

आणि संघर्षने सकाळी टेबलावर ती रेघ बघितली नसेल? त्याच्या नजरेतून ती सुटणंच शक्य नव्हतं. त्याने बघितली, ओळखली, आणि माझ्या तोंडावर सांगितलं, पेज मी पाजली. मला साक्षीपेक्षा त्याचाच राग आला. आयुष्यात एक माणूस खरा धरला होता, तोही गेला.

६

रविवारी सकाळी मी चौघांना इस्पितळाच्या छोट्या खोलीत बसवलं आणि फ्लास्क टेबलावर ठेवला. काही बोलायच्या आधीच संघर्षने मान खाली घातली. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण इथे खाल्लं एकीने आणि खवखव दुसऱ्याला होती.

"साक्षी," मी म्हटलं, "आईच्या उशीखालची चिक्कीही तूच खाल्लीस ना? जागत बसली होतीस म्हणून."

तिने बोटातली अंगठी फिरवली. मग एकदम भडभडून बोलायला लागली. "मी वहिनीला हात जोडले होते! म्हटलं, स्टेजवर नको जाऊस. सासरे समोर बसणार. ते म्हणतील, रक्तातला आजार आहे, ही पण घेऊन येईल. वहिनी म्हणाली, माझं पोर लपवायला ते काय चोरीचं आहे? दादा शिफ्टवरून दमून आला, त्याला म्हटलं, तू झोप, पेज मी पाजते. मला वाटलं, एक रात्र पेज चुकली तर सकाळी थोडा मलूल होईल. स्टेजवर नेणार नाहीत, एवढंच. मला काय माहीत असं होईल?"

"तुला माहीत होतं," मिनल म्हणाली. आवाज अगदी हळू होता. "पेज का द्यायची हे मला समजेना, तेव्हा तूच वाचून समजावलं होतंस. माझ्या पोराचं तोंड बघत बसलीस रात्रभर? तो शेजारी झोपला होता तुझ्या. हात तुझ्या गळ्यात टाकून झोपतो तो."

साक्षीने तोंड ओंजळीत लपवलं. कुणी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही.

"आणि तुझ्या आईवर आळ आला तेव्हाही गप्प राहिलीस," मी म्हटलं.

संघर्ष उठला. "मॅडम, झालं ते झालं. डॉक्टर आता येतील. ऐका माझं. साक्षीनं जाणूनबुजून केलं म्हटलं तर सीट जाते, आणि हिचं लग्नही मोडतं. आईनं अजाणतेपणी चिक्की दिली असं सांगू. डॉक्टर निरंजनच म्हणालेत, अजाणतेपणी झालं तर समजावता येतं. दोघांचं भलं होईल. आईला काय फरक पडतोय?"

मग सोजरबाई म्हणाल्या, "घाला माझ्यावर. पोराचं अवशिद वाचत असंल तर म्या दिली म्हना. म्या सांगीन त्या बाईला."

मला बोलायचं होतं. पण माझं काम खरं शोधायचं, ते संपलं होतं. ते वापरायचं की गाडायचं हे त्या घराचं होतं. मी मिनलकडे बघितलं. लाभ सगळा खोट्यात होता, आणि पोर तिचं होतं.

दार वाजलं. डॉ. निरंजन आणि त्यांच्यामागे डॉ. हेलेना आत आल्या. उंच, पांढऱ्या केसांची बाई, गळ्यातली निळी दोरी अजून तशीच. त्यांनी काहीतरी विचारलं, निरंजननी मराठीत सांगितलं, "कारण कळलं का, एवढंच विचारताहेत."

"आईनं चिक्की..." संघर्षने सुरुवात केली.

"नाही," मिनल म्हणाली. "पेज दिली नाही. पोर उपाशी राहिलं. घरातल्याच माणसानं मुद्दाम ठेवलं, आणि दुसऱ्यानं ते झाकलं."

"मिनल!" संघर्ष ओरडला. "वेडी झालीस का? सीट जाईल त्याची!"

"आणि सासूबाईंवर घातलं तर?" ती त्याच्याकडे वळली. "डॉक्टर सांगतील, म्हातारीला पोराजवळ फिरकू देऊ नका. आणि रात्री पेज पाजायला परत हीच येईल. सीट राहील रे, पोर राहील का?"

निरंजननी सगळं हळूहळू इंग्रजीत सांगितलं. हेलेना बाई ऐकत राहिल्या. त्यांनी फ्लास्क हातात घेऊन तुटकी रेघ बघितली, मग पुष्कळ वेळ मिनलकडे बघितलं. नंतर त्या बोलल्या तेव्हा आवाज कडकच होता.

"म्हणताहेत," निरंजन सांगू लागले, "कारण कळलं, आजार बेभरवशाचा नाही. घर बेभरवशाचं होतं. पण लपवलं असतं तर आत्ता नाव काढलं असतं. पुन्हा तपासणी होईपर्यंत जागा राखून ठेवतील. एक अट आहे. रात्री जागायला दोन माणसं लागतात, एकटी आई पुरणार नाही. दुसरं कोण?"

संघर्ष पुढे आला. "मी. मी बाप आहे त्याचा."

मिनलने त्याच्याकडे बघितलंही नाही. "मी सम्यकला घेऊन माझ्या माहेरी, काळेवाडीला राहणार आहे," ती म्हणाली. "दुसरं माणूस सोजरबाई ओव्हाळ."

निरंजन चाचरले. "पण त्यांना हे सगळं मोजमाप, वेळा..."

"मी शिकवेन. चुकून जास्त भरवतील, तेवढं मी बघेन. उपाशी कधी ठेवणार नाहीत, हे मला कळलंय."

निरंजननी ते सांगितलं आणि हेलेना बाईंनी मान हलवली. सोजरबाईंना आधी कळेचना. मिनलने खाली वाकून त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "आई, मी तुमच्यावर घातलं. मला माफ करा. याल ना माझ्याबरोबर?"

म्हातारी काठी न घेताच उठली. संघर्ष वाटेत उभा होता, डोळे भरलेले. "आई, तू पण चाललीस?"

सोजरबाईंनी त्याच्या गालावरून हात फिरवला, लहानपणी फिरवला असेल तसाच.

"तू मला इकलंस, बाळा," त्या म्हणाल्या. "हिनं मला मागून घेतलं."

मग त्यांनी पदर खोचला आणि सुनेच्या मागोमाग सम्यकच्या खोलीत गेल्या.